नालबंदापुढे घोडा पाय का हिसकावतो, आणि त्याला पाय द्यायला कसं शिकवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडा ४ वर्षांचा आहे. रोज खूर साफ करताना चारही पाय शांतपणे देतो. नालबंद आला की मात्र पुढचे पाय हिसकावतो आणि मागचा डावा तर धरूच देत नाही. गेल्या खेपेला दोनच पाय झाले, काम अर्धवट राहिलं. पुढची पाळी ५ आठवड्यांनी आहे, तोवर काय करता येईल?

पाच आठवड्यांत बरंच काही होतं. त्यासाठी रोज दहा मिनिटं काढावी लागतील, आणि "एरवी तर देतो की पाय" हा विचार आधी बाजूला ठेवावा लागेल. खूर साफ करताना आपण पाय किती वेळ धरतो? वीस-तीस सेकंद, जमिनीपासून थोडाच वर, आणि घोडा ज्या हाताला ओळखतो त्याच हातात. नालबंद तोच पाय आपल्या दोन गुडघ्यांमध्ये पकडून काही मिनिटं ठेवतो. पक्कडीने कड कापताना खुराला हिसके बसतात. मग कानस फिरते. मग पाय पुढे ओढून स्टँडवर टेकवतात आणि पुन्हा कानस. नाल मारायची असेल तर एका पायाला साधारण ६ ते ८ खिळे, प्रत्येक खिळ्यावर हातोडीचे अनेक घाव, त्यानंतर खिळ्यांची टोकं मोडून वळवायची. घोड्याच्या दृष्टीने या पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली एकच त्याला शिकवलेली आहे. त्यामुळे तो हट्टी आहे असं समजू नका. उरलेल्या गोष्टी त्याला कुणी शिकवलेल्याच नाहीत.

त्या शिकवायचं काम नालबंदाचं नाही. हातात धारदार हत्यार घेऊन तो कमरेत वाकलेला असतो, घोड्याचं तोंड त्याला दिसत नाही, आणि लाथ बसली तर सरळ डोक्यावर किंवा गुडघ्यावर बसते. अशा अवस्थेत कुणीही घोडा शिकवू शकत नाही. फार तर शिकलेला बिघडवू शकतो.

आधी दुखणं तपासा

मागचा एकच पाय देत नाही हे तुम्ही लिहिलंय. ही खूण महत्त्वाची आहे. भीती असेल तर ती बहुधा दोन्ही मागच्या पायांत कमी-जास्त दिसते. एकाच पायाचं रडगाणं असेल तर दुखण्याची शंका आधी घ्यावी. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात: जो पाय घोडा देत नाही तोच दुखतो असं नसतं. डावा उचलला की मागच्या अंगाचा बहुतेक भार उजव्यावर येतो. उजव्याच्या खुरात गळू असेल, हॉकमध्ये, म्हणजे मागच्या पायाच्या मागे वळलेल्या सांध्यात, झीज असेल किंवा पुठ्ठ्यात आखडलेपणा असेल तर तो डावा पाय देणारच नाही. दिला तरी लगेच खाली टाकेल.

घरी एवढं बघता येतं. चारही खुरांना हात लावून एखादा जास्त गरम आहे का ते पाहा. खुराच्या थोडं वर, पायाच्या मागच्या दोन्ही कडांना नाडी लागते. एका पायात ती इतरांपेक्षा जोरात लागली तर त्या खुरात सूज आहे असं समजा. डावा पाय अगदी खाली, जमिनीपासून वीतभरच उचलून धरा. तेवढ्यावर शांत राहतो आणि वर नेला की ओढतो, असं असेल तर सांधा वाकताना दुखतोय. पाय मागे असताना ठीक, पण पुढे नेल्यावर बिथरतो, असं असेल तर मांडीचे मागचे स्नायू किंवा कंबर बघायला हवी. फक्त हातोडी पडतानाच उसळतो आणि बाकी वेळ शांत असतो, त्याचा तळवा पातळ असू शकतो किंवा खुरातच काही असू शकतं. सुरुवातीला गडबड करून मग निवळतो, तो बहुधा घाबरलेला असतो.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. मागचा पाय उचलला की तो पोटाकडे किंवा बाहेरच्या बाजूला वर ताठ धरला जातो, मांडीचे स्नायू थरथरतात, शेपटी वर होऊन कापते आणि थोड्या वेळाने पाय धपकन खाली येतो. मागे सरकवतानाही तसंच होतं. याला शिव्हर्स म्हणतात. हा मज्जासंस्थेचा आजार आहे, उंच घोड्यांत जास्त दिसतो आणि शिकवून जात नाही. अशा घोड्याला पाय खाली धरून, थोड्या थोड्या वेळाने सोडून, सांभाळूनच काम करावं लागतं. दुखण्याची किंवा शिव्हर्सची कोणतीही खूण दिसली तर शिकवणी थांबवा आणि पशुवैद्याला बोलवा. दुखणाऱ्या घोड्याला उभं राहायला शिकवलं तर तो एवढंच शिकतो की आपण सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

पाय देताना घोडा काय करतो

उभ्या घोड्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातला एक उचलायचा तर भार आधी बाकीच्या तिघांवर सरकवावा लागतो. एक पाय खूप पुढे गेलेला, मागचे पाय एकमेकांजवळ आलेले, अशा स्थितीत त्याला हे जमतच नाही. मग तो पाय दाबून धरतो आणि आपण म्हणतो, "जड करतोय." म्हणून पाय मागण्याआधी घोडा चौकोनी उभा करा. एक पाऊल पुढे किंवा मागे घेतलं की बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

दुसरी गोष्ट सांध्यांची. घोड्याचा पाय पुढे-मागे वाकायला बनलेला आहे, बाजूला फाकायला नाही. आपल्या सोयीसाठी पाय बाहेरच्या बाजूला ओढला की खांद्यावर किंवा कमरेवर ताण येतो, आणि घोडा तो ताण सोडवायला पाय हिसकावतो. बुटक्या घोड्याला उंच माणसाने धरलं तर हे हमखास होतं. पुढचा पाय उचलला की गुडघा स्वतःच्याच रेषेत खाली लोंबला पाहिजे. मागच्या पायात मांडीजवळचा सांधा आणि हॉक एकमेकांना बांधल्यासारखे असतात, एक वाकला की दुसरा वाकतोच. त्यामुळे तो पाय घडी घालूनच वर येतो. सरळ ठेवून वर ओढायला गेलात तर शरीरच विरोध करतं. शिकवताना मागचं खूर शेजारच्या पायाच्या हॉकपेक्षा खालीच ठेवा.

पाय परत कधी द्यायचा

सगळ्या शिकवणीचं मर्म इथे आहे. घोड्याला पाय परत हवा असतो, तेच त्याचं बक्षीस. तो त्याला कोणत्या क्षणी मिळतो त्यावर तो काय शिकेल हे ठरतं. हिसकावल्यावर मिळाला तर तो हिसकावायला शिकतो. शांत असताना मिळाला तर शांत राहायला शिकतो. तुमच्या घोड्याला गेल्या खेपेला पहिली गोष्ट दोन पायांवर पुन्हा पुन्हा शिकायला मिळालेली आहे.

म्हणून वेळ मोजू नका, हात वाचा. पाय धरलेला असताना हिसका येण्याआधी सूचना मिळते. खूर हातात सैल, जडसर असतं ते एकदम हलकं होतं, कारण घोडा स्वतः तो पाय वर उचलू लागलेला असतो. खांद्याचा किंवा मांडीचा स्नायू कडक होतो. श्वास थांबतो. कान तुमच्याकडे वळून तिथेच अडकतो. यातलं पहिलं चिन्ह येण्याच्या आधी पाय खाली ठेवायचा. आज तो ६ सेकंदांवर कडक होत असेल तर ४ सेकंदांवर ठेवा. असं दहा वेळा झालं की ६ सेकंद आपोआप शांत जातात.

तरी एखादा हिसका येणारच. तेव्हा जोराला जोर लावू नका, तुम्ही हरणार आहात. कोपर सैल ठेवून पायाबरोबर हात जाऊ द्या, खूर हातातून सोडू नका, आणि पाय क्षणभर जरी सैल पडला तरी त्या क्षणी स्वतःहून खाली ठेवा. धरणं अशक्य झालं तर सोडा आणि बाजूला व्हा. रागवू नका, लगेच तोच पाय पुन्हा मागा, पण या वेळी दोनच सेकंदांसाठी. पाय खाली गेल्यावर मारलेला फटका घोड्याला हिसक्याशी जोडता येत नाही. पाय जमिनीवर आला की मार बसतो, एवढंच त्याला कळतं.

पाय टाकायचा नाही, ठेवायचा. खुराचं टोक जमिनीला टेकेपर्यंत हात सोबत न्या. मध्येच सोडलेला पाय आपटतो, आणि असं काही वेळा झालं की घोडा शेवटच्या वीतभर अंतरात पाय ओढून घ्यायला लागतो. "शेवटी शेवटीच ओढतो" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू झालेली असते.

खाऊ द्यायचा असेल तर तो पाय वर असताना द्या. हे काम डोक्याशी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाचं. पाय खाली आल्यावर दिलात तर पाय खाली ठेवण्याचंच बक्षीस मिळतं. खाऊचा हात घोड्याच्या छातीच्या मध्यासमोर हवा. मान एका बाजूला वळली की भार सरकतो आणि तोल जातो. खाण्यावरून हावरेपणा करणारा घोडा असेल तर खाऊ नको, मानेच्या बुडाशी, आयाळीच्या खाली खाजवा. बहुतेक घोडे त्याने डोकं खाली सोडतात.

पुढचे पाय

घोडा घट्ट बांधलेला नसावा. म्होरकी घालून कुणीतरी दोर सैल धरावा. दोर हाताला गुंडाळायचा नाही. पायात बंद बूट, डोक्यावर हेल्मेट, आणि घोड्याजवळ कधीही गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसायचं नाही.

खांद्याशी उभे राहून तोंड शेपटीकडे करा. तळवा खांद्यावर ठेवा आणि थांबा. मग हात पायाच्या मागच्या बाजूने खाली न्या. कुठे अंग आकसलं तर हात तिथेच ठेवा, काढू नका, पुढेही नेऊ नका. सैल पडलं की हात काढा. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागच्या जाड शिरेवर अंगठा आणि बोटांनी हलका दाब द्या. घोड्याने नुसता भार दुसऱ्या पायावर टाकला तरी दाब सोडा. पहिल्या दिवशी तेवढंच पुरे. पुढच्या वेळी टाच उचलली की सोडा, मग पाय जमिनीवरून सुटला की धरा आणि एक सेकंदात ठेवा.

वेळ वाढवताना शिडी चढल्यासारखं ५, १०, १५, २० असं करू नका. दर वेळी आणखी लांबणार हे घोड्याला कळलं की तो आधीच वैतागतो. १०, ४, १५, ६, २०, ३ अशी मोडतोड ठेवा. कोणत्याही पायाला एका बैठकीत पाच-सहा वेळांपेक्षा जास्त मागू नका. तीन पायांवर उभं राहणं मेहनतीचं आहे आणि तरुण घोड्याचे स्नायू त्याला तयार नसतात.

काही घोडे सगळं अंग तुमच्या हातावर टाकतात. हा बहुधा आपण लावलेला दोष असतो. पाय वर ओढून धरला की घोड्याला टेका मिळतो आणि तो रेलतो. पाय उचलून न धरता नुसता हातात झेलल्यासारखा ठेवा. रेलला की हात दोन बोटं खाली जाऊ द्या, म्हणजे टेका जातो आणि तो स्वतःचा तोल स्वतः सावरतो. तरी रेलत राहिला तर बाकीचे तीन पाय कसे ठेवलेत ते बघा.

मागचे पाय

पुठ्ठ्यापासून सुरुवात करा. एक हात पुठ्ठ्यावर कायम ठेवा. घोडा हलायच्या आधी तो हाताला कळतो. दुसरा हात मांडीवरून, हॉकच्या बाहेरून नळीवर न्या. अंगाला चिकटून उभे राहा. लाथ बसायचीच तर जवळून ढकलल्यासारखी बसते, हातभर लांबून पूर्ण जोराने बसते. पाय वर आला की बहुतेक घोडे तो आधी पोटाकडे झटकतात. ती लाथ नव्हे, मागच्या पायाची घडीच तशी होते. झटका संपू द्या, हात सोबत ठेवा, पाय सैल पडला की तो हळूच मागे आणा आणि खाली ठेवा.

तुमच्या घोड्याचा मागचा डावा पाय, दुखणं नाही याची खात्री झाल्यावर, हाताने सुरू करू नका. मीटरभर काठीच्या टोकाला जुना हातमोजा भरून बांधा आणि खांद्याशी उभं राहून त्या मोज्याने पाय चोळा. लाथ मारली तरी मोजा पायावरच ठेवायचा. पाय शांत झाला की काढायचा. मोजा खुरापर्यंत शांतपणे जाऊ लागला की दोर घ्या: मऊ सुती, अंगठ्याएवढा जाड, ४-५ मीटर लांब. तो खुराच्या वरच्या खळग्यातून नुसता वळवून घ्या, गाठ नको, दोन्ही टोकं तुमच्या हातात. घोड्याच्या खांद्याशी उभं राहून पुढे हलका ताण द्या. पाय जरासा पुढे आला की ताण सोडा. काही दिवसांत तो दोराच्या वजनावर पाय उचलून धरतो. मग हाताकडे वळा. दोर कुठेही बांधायचा नाही, आणि झटापट झाली तर एक टोक सोडलं की तो निसटला पाहिजे.

नालबंद जसा धरतो तसा धरा

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, पुढचे पाय मिनिटभर शांत राहू लागले की स्थिती बदला. पुढचा पाय उचलून, त्यावरून आपला एक पाय टाकून, खूर दोन्ही गुडघ्यांच्या वर पकडा, पायाची बोटं आत वळवून. घोड्याच्या पायाला पहिल्यांदाच दोन्हीकडून दाब जाणवतो. तीन सेकंद, मग सोडा. सहसा या एकाच बदलावर घोडे चार पावलं मागे जातात, आणि नालबंद आल्यावर नेमकं हेच पहिलं होतं.

मग पाय पुढे न्यायला शिकवा. पुढच्या पायासाठी एक हात नळीखाली आणि एक खुराखाली घ्या, पाय दुमडलेलाच पुढे आणा आणि हळूहळू सरळ करत आपल्या मांडीवर टेकवा. स्टँड नसेल तर वीतभर उंचीचा, कड गोल केलेला, न डगमगणारा लाकडी ठोकळा घ्या. पाय त्यावर टेकवा, दाबून धरू नका. घोड्याला पाय काढायचाच असेल तर तुम्हाला ठोकळा आपल्या पायाने बाजूला सारता यायला हवा, त्यात अडकून तो घाबरला तर सगळं मागे जातं. मागचा पायही असाच, पोटाखालून पुढे, त्याच बाजूच्या पुढच्या पायाच्या दिशेने. मागच्या पायाची नालबंदाची स्थिती मात्र वेगळी असते. तो कमरेने घोड्याच्या मांडीला टेकतो आणि पाय मागे घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवतो. हे आधी पाच-दहा सेकंदच करा आणि पाय फार मागे ताणू नका.

आता ठोके. तळहाताने खुराच्या भिंतीवर तीन थापा आणि पाय खाली. मग खूर खरवडायच्या आकड्याची मूठ. मग छोट्या हातोडीने हलके ठोके, आधी मोजून पाच, मग एका लयीत वीस-पंचवीस. कानशीचा आवाज द्यायला तिची गुळगुळीत कड भिंतीवरून फिरवा, दात लावू नका. घरी खुराला आकार द्यायचा मोह टाळा. लोखंडाच्या खणखणाटासाठी जुन्या दोन नाली पाच-सहा मीटरवर एकमेकींवर वाजवा आणि घोडा चारा खात राहील तेवढंच अंतर कमी करत जा. गरम नाल लावणार असतील तर खुरातून निघणारा धूर आणि चर्र आवाज घोड्याला पहिल्यांदा भिववतो. खुराचे जुने तुकडे गवत-पेंढ्यापासून लांब, उघड्यावर जाळून त्याला दुरून तो वास घेऊ द्या. त्याहून सोपं म्हणजे एखाद्या शांत घोड्याला नाल मारत असताना याला जवळ, मोकळ्या दोरावर, बघत उभं करणं.

चामड्याचा एप्रन करकरतो, अवजारांची पेटी जमिनीवर आपटते, अनोळखी माणूस पोटाखाली वाकतो. या तिन्हींची सवय वेगवेगळी लावा. आणि चौथ्या आठवड्यात तुमच्याखेरीज दोन-तीन माणसांनी त्याचे पाय उचलले पाहिजेत. एकाच माणसाला पाय देणारा घोडा शिकलेला नसतो, तो त्या माणसावर विश्वास ठेवून असतो. जमलं तर नालबंदाला पैसे देऊन दहा मिनिटं नुसतं बोलवा: पाय उचलायचे, ठोकायचे, ठेवायचे, निघून जायचं. अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या पाळीपेक्षा हे स्वस्त पडतं.

त्या दिवशी

जागा सपाट, कोरडी, न घसरणारी आणि उजेडाची हवी. एका बाजूला भिंत असली तर बरी. सोबतीचा घोडा दिसत राहू द्या. दाण्याची वेळ टाळा. आधी वीस-तीस मिनिटं मोकळं सोडा किंवा चालवा. पाय कोरडे आणि चिखल काढलेले हवेत, पण खुरांना तेल लावू नका, हातातून निसटतात. माशा असतील तर फवारा मारा. माशीसाठी पाय आपटणं हा घोड्याचा गुन्हा नाही, पण नालबंदाच्या गुडघ्याला ते सारखंच लागतं. समोर चारा टांगायचा की नाही ते नालबंदाला विचारा. काहींना चालतं, काहींना चावताना होणारी अंगाची हालचाल नको असते.

घोडा धरणाऱ्याने नालबंद ज्या बाजूला असेल त्याच बाजूला, खांद्याच्या थोडं पुढे उभं राहावं. घोडा बिथरला आणि डोकं आपल्याकडे ओढलं की मागचं अंग पलीकडे, म्हणजे नालबंदापासून लांब जातं. विरुद्ध बाजूला उभं राहून तेच केलं तर पुठ्ठे नालबंदावर येतात. फोन खिशात ठेवा. नालबंदाची पाठ चाटू-चावू देऊ नका. आणि पाय वर असताना म्होरकीला झटका मारू नका. तीन पायांवरचा घोडा मागे कोसळतो किंवा मागच्या पायांवर उभा राहतो.

एका क्षणी विशेष सावध राहा. खिळा खुराच्या भिंतीतून बाहेर आला आहे, पण त्याचं टोक अजून मोडलेलं नाही. त्या वेळी नालबंदाच्या मांडीला लागून अणकुचीदार लोखंड असतं. घोड्याने पाय ओढला तर एप्रन आणि मांडी दोन्ही फाटतात. हातोडीची लय थांबून टोक वळवल्याचा आवाज येईपर्यंत घोड्याचं लक्ष तुमच्याकडे ठेवा, खाजवा, हळू बोला. घोडा कडक होतोय असं दिसलं तर "सोडा" म्हणून सांगा. नालबंदाला ते दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून घोडा गप्प करतात, त्याला ट्विच म्हणतात. सुरुवातीची साधारण पाच मिनिटं घोडा खरंच शांत होतो, नंतर ताण वाढतो आणि तो अचानक उसळू शकतो. एखादा खिळा काढण्यापुरतं ठीक, चार पायांसाठी नाही. कान पिळणं कधीच नको, त्यात शांतता नसते, नुसती भीती असते, आणि पुढे म्होरकी घालतानाही घोडा डोकं वर करतो.

गुंगीचं औषध पशुवैद्याने ठरवावं. घाबरलेल्या घोड्याची पाळी टळू नये म्हणून ते द्यावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. जिभेखाली लावायची डेटोमिडीनची जेल मिळते. ती गिळून चालत नाही, तोंडाच्या अस्तरातूनच शोषली जाते, परिणामाला साधारण ४० मिनिटं लागतात, आणि ती हातमोजे घालूनच हाताळायची. गरोदर बाईने तिला हातच लावू नये. घाई करून वीस मिनिटांत काम सुरू केलं की "औषध चढलंच नाही" अशी तक्रार येते. गुंगीतला घोडाही लाथ मारतो, फक्त आधी इशारा देत नाही. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत चारा-दाणा देऊ नका, घशात अडकतो.

शिंगरू आणि म्हातारा घोडा यांचं गणित थोडं वेगळं आहे. शिंगराचे पाय पहिल्या काही दिवसांपासून हाताळावेत, घोडी समोर ठेवून, दोन-तीन सेकंद, अगदी खाली. महिना-दीड महिन्याचं होईपर्यंत नालबंदाने त्याचे पाय एकदा बघावेत, कारण घोट्याच्या सांध्याजवळची वाढ पहिल्या तीन महिन्यांतच बहुतेक उरकते आणि तिथला वाकडेपणा नंतर सुधारत नाही. म्हाताऱ्या घोड्याला पाय खाली, थोडा वेळ, आळीपाळीने मागा, उभ्या पायाखाली रबरी चटई घाला आणि आधी वेदनाशामक देता येईल का ते पशुवैद्याला विचारा.

तुमचे पाच आठवडे असे लावा. पहिला: तपासणी, चौकोनी उभं राहणं, पुढचे पाय दहा सेकंदांपर्यंत, मागच्या डाव्याला काठीचा मोजा. दुसरा: पुढचे पाय मिनिटापर्यंत, मागचा उजवा अर्ध्या मिनिटापर्यंत, डाव्याला दोर. तिसरा: गुडघ्यांमधली पकड, ठोकळा, थापा, आणि डाव्याला हात. चौथा: हातोडी, कानस, एप्रन, दुसरी माणसं, जमलं तर नालबंदाची छोटी भेट. पाचवा: दोनदा सगळं ओळीने, मधल्या विश्रांतीसह. शेवटचे दोन दिवस फक्त रोजची साफसफाई, थकलेले स्नायू घेऊन घोडा उभा करू नका. आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा. एखाद्या टप्प्यावर तीन दिवस अडकलात तर तो टप्पा मोठा आहे, त्याचे दोन करा. पाळी पुढे ढकलू नका. खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, आणि वाढलेल्या टोकामुळे पाय धरणं घोड्याला आणखी अवघड जातं.

इतकं करूनही मागचा डावा तयार झाला नसेल तर आधीच्या दिवशी नालबंदाला फोन करून नेमकं सांगा: कोणता पाय, किती उंचीपर्यंत, किती सेकंद, पुढे नेता येतो का. पुढच्या दोन्ही पायांचं काम पूर्ण करून घ्या. मागचे नुसते कापून, कानस मारून सोडा, आणि डाव्याचं काम तो देईल तेवढ्याच तुकड्यांत, मध्ये मध्ये पाय खाली ठेवून करून घ्या. मागच्या जोडीतल्या एकाच पायाला नाल मारून घोडा पाठवू नका. दोन्ही पाय तयार होतील त्या पाळीला दोन्ही मारा.